लेखनभेद आणि उच्चार : संगीतातील एक दाखला

‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील फरक आजच्या बोलण्यात बहुधा ऐकू येत नाही. लेखनात मात्र तो टिकून आहे. एका उच्चाराला दोन लेखने कशासाठी, असा प्रश्न आपणास पडला असेल. पाश्चात्त्य स्वरलेखनातही तो पडतो.

पियानोची एकच काळी पट्टी कधी ‘जी शार्प’, तर कधी ‘ए फ्लॅट’ अशी लिहितात. असे त्रिस्वरी संघात एकाआड एक अक्षर घेऊन रचतात. म्हणून ‘ई मेजर’ हा ई, जी शार्प, बी असा, तर ‘एफ मायनर’ हा एफ, ए फ्लॅट, सी असा लिहिला जातो. ‘ई मेजर’मध्ये ए फ्लॅट लिहिल्यास कानाला काहीच खटकणार नाही, व्याकरणाला खटकेल.

हा भेद मुळात कागदी नव्हता. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात रूढ असलेल्या ‘मीनटोन’ जुळणीच्या एका प्रमुख प्रकारात षड्ज-गंधाराचे अंतर ५:४ असे शुद्ध राखत. ए फ्लॅटवरून सी, ई, जी शार्प अशी तीन शुद्ध अंतरे चढून गेल्यास वरचा ए फ्लॅट गाठता येत नाही. १२०० सेंटांच्या सप्तकात सुमारे ४१ सेंट उणे पडतात. म्हणून काही वाद्यांत काळी पट्टी दुभंगून दोन्ही स्वरांची सोय करीत. सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या जुळणीने ही फट बुजवली. त्यापायी गंधार सुमारे १४ सेंट चढा झाला. (अशा जुळणीची पेटी तंबोऱ्याजवळ ऐकून पाहावी.) उच्चार एक झाला, लेखन दोन राहिले.

स्वाध्याय : ‘श’ आणि ‘ष’ यांच्या लेखनभेदाला हा दाखला कितपत लागू पडतो, ते सोदाहरण लिहा.