क्षणचित्र आणि काळभान : मराठी अरण्यलेखनाच्या रूपबंधाविषयी काही विचार

मराठी ललित गद्याचा विचार करताना अरण्य, पशुपक्षी आणि भटकंती यांविषयीच्या लेखनाला समीक्षेने बहुधा दोनच कसोट्या लावल्या आहेत. एक कसोटी माहितीची, तर दुसरी शैलीच्या प्रसन्नतेची. पहिलीमुळे हे लेखन निसर्गशास्त्राच्या उंबरठ्यावर थांबते. दुसरीमुळे ते ‘सहलीचे लेखन’ ठरून किरकोळ मानले जाते. या लेखनाचा वाङ्मयीन विशेष मात्र त्याच्या काळभानात आहे आणि ‘क्षणचित्र’ हा घटक त्या काळभानाचा वाहक आहे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. त्यासाठी दुर्गा भागवत (१९१०–२००२), व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) आणि मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) या तिघांच्या लेखनाचा आधार घेतला आहे.

१.

क्षणचित्र म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट करावयास हवे. छायाचित्रात क्षण त्याच्या आगच्यामागच्या काळापासून तोडलेला असतो. पाणवठ्यावर वाकलेले हरिण दिसते. ते येण्यापूर्वी पाहणारा किती वेळ बसून होता, हे दिसत नाही. शब्दांतील क्षणचित्राला असे तोडणे साधत नाही आणि साधावयाचेही नसते. वाक्य काळातच उलगडते. म्हणून शब्दातील क्षण आपल्यासोबत प्रतीक्षा घेऊन येतो.

मराठीच्या क्रियापदव्यवस्थेने या कामी लेखकाला एक मोलाचे साधन दिले आहे. ‘चितळे सांजेला पाण्यावर येत’ या रीतिभूतकाळातील विधानात रोजचा क्रम सांगितला जातो. ‘चितळ आले, थबकले, त्याने मान वर केली’ या साध्या भूतकाळात एकदाच घडलेली गोष्ट येते. पहिल्या प्रकारच्या वाक्यांनी पार्श्वभूमी भरून निघाल्यावर दुसऱ्या प्रकारचे वाक्य येते, तेव्हा क्षणचित्र उमटते. रोजचे काय हे ठाऊक असल्याखेरीज आजचे विशेष कळत नाही. काळाच्या या दोन रूपांतील ताणावर क्षणचित्राचा परिणाम अवलंबून असतो. केवळ दृश्याच्या दुर्मिळतेवर नव्हे. वाघ दिसला एवढ्याने चांगले पान लिहून होत नाही आणि साळुंकीच्या भांडणावरही उत्तम पान लिहिता येते, ते याचमुळे.

२.

दुर्गाबाईंच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या पुस्तकाचे एकक महिना हे आहे. चैत्रापासून फाल्गुनापर्यंतच्या या लेखांत घटना जवळजवळ नाहीत. पालवी, मोहोर, पाऊस, ढगांचे रंग आणि पाखरांची येजा हाच त्यांचा ऐवज. महिना दरवर्षी परत येतो. म्हणून या लेखनातील क्षण एकदाच घडून संपणारा नसतो, तो पुनरागमनाच्या खात्रीने भारलेला असतो. लोकसाहित्य आणि लोकाचार यांच्या अभ्यासक असलेल्या दुर्गाबाईंना महिन्याच्या नावामागे साचलेली सामूहिक स्मृती ठाऊक होती. परिणामी एखाद्या झाडाचे एका दिवसाचे रूप त्यांच्या लेखणीत परंपरेच्या दीर्घ काळाशी जोडले जाते. घरापासून फार दूर न जाता, नित्याच्या झाडांकडे वर्षभर पाहत राहणे हीदेखील भटकंतीच होय, हा या पुस्तकाने दिलेला महत्त्वाचा विचार आहे.

माडगूळकरांच्या ‘नागझिरा’ या पुस्तकाचे एकक दिवस हे आहे. विदर्भातील नागझिरा अभयारण्यातील मुक्कामाचे हे लेखन. येथे सकाळ, दुपार, सांज यांची पुनरावृत्ती होते. पाऊलवाटा त्याच, पाणी तेच. माडगूळकर चित्रकारही होते आणि मोजक्या रेघांत आकृती उभी करण्याची सवय त्यांच्या गद्यातही उतरली आहे. ‘माणदेशी माणसे’मध्ये माणसाची लकब टिपणारी दृष्टीच पुढे जनावराची लकब टिपते. प्राण्याला माणसाचे मन बहाल करण्याचा मोह ते बहुतांशी टाळतात. त्याची हालचाल सांगतात आणि थांबतात. तरुणपणी बंदूक घेऊन रानात गेलेल्या या लेखकाचे शिकारकथेकडून निरीक्षणाकडे झालेले स्थित्यंतर या संदर्भात अर्थपूर्ण आहे. शिकारकथेत सगळा काळ एका बाराकडे धावतो. ‘नागझिरा’त असा शेवटाकडे खेचणारा क्षण नाही, म्हणून प्रत्येक क्षणाला आपापले वजन मिळते. याच निरीक्षणशक्तीतून वानरांच्या टोळीचे जीवन चितारणारी ‘सत्तांतर’ ही कादंबरी निर्माण झाली. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

चितमपल्ली यांचे एकक यांहून वेगळे आहे. वनखात्यातील प्रदीर्घ नोकरीमुळे अरण्य हा त्यांचा सहलीचा विषय नव्हताच. तो नित्य जीवनाचा भाग होता. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’ यांसारख्या पुस्तकांतून क्षण नामाभोवती गोळा होतो. कावळ्यांच्या वसतिस्थानाला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वीण-वसाहतीला ‘सारंगागार’ असे शब्द त्यांनी योजले. एका सायंकाळी पाहिलेल्या दृश्याला नाव मिळाले की ते दृश्य भाषेत मुक्कामाला येते आणि पुढच्या पाहणाऱ्याला उपलब्ध होते. त्यांच्या ठायी कोशकार आणि ललित लेखक हे एकमेकांचे पूरक आहेत, ते या अर्थाने.

३.

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. निवांत पाहणे ही चैन आहे; पाहुण्याचा मोकळा दिवस हा वनरक्षकाचा, विश्रामगृहातील स्वयंपाक्याचा आणि मोहफुले वेचणाऱ्या बाईचा कष्टाचा दिवस असतो. ग्रामीण आणि दलित साहित्याच्या चर्चेनंतर मराठी समीक्षेला हा प्रश्न टाळता येणार नाही. क्षणचित्राच्या चौकटीत श्रम करणारा माणूस येतो की चौकटीबाहेर ढकलला जातो, ही त्यामुळे या लेखनाची खरी कसोटी ठरते. माडगूळकरांच्या एका पुस्तकाचे ‘जनावनातली रेखाटणे’ हे शीर्षक या दृष्टीने लक्षणीय आहे. त्यात ‘जन’ आधी आहे, ‘वन’ नंतर. चितमपल्ली यांचे ज्ञानही मोठ्या प्रमाणात रानात राहणाऱ्या माणसांच्या बोलींतून आलेले आहे. मात्र या प्रकारातील पुष्कळशा अनुकरणात्मक लेखनात माणूस नाहीसा होतो आणि उरते ते केवळ देखणे रान. असे लेखन फिके वाटते याचे कारण शब्दकळेची उणीव नव्हे. त्यातील काळ फक्त पाहुण्याचा असतो, हे होय.

४.

एकूण विवेचनातून असे दिसते की महिना, दिवस आणि नाम या तीन एककांनी मराठी अरण्यलेखनाने क्षणाला तीन प्रकारे टिकाऊ केले. हा केवळ रूपबंधाचा प्रश्न नाही. नवेगाव–नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प २०१३ मध्ये अस्तित्वात आला. व्याघ्रप्रकल्पांतील पर्यटकाला आज ठरावीक वेळी, ठरावीक मार्गाने, वाहनातून फिरावे लागते. संरक्षणासाठी ही बंधने आवश्यकच आहेत. परंतु एका पाण्याकाठी दिवसचे दिवस पायी जाऊन बसण्याचा अनुभव त्यामुळे सामान्य वाचकाला दुर्लभ झाला आहे. दुसरीकडे, खिशातील मोबाइलमुळे क्षण टिपणे कधी नव्हे इतके सोपे झाले. क्षणांची संख्या वाढली आणि प्रतीक्षा घटली, अशा काळात ही पुस्तके अभ्यासक्रमात नेमताना ती माहितीपर गद्य म्हणून नेमली जाऊ नयेत. विद्यार्थ्याला त्यांतील क्रियापदांचे काळ तपासावयास लावावेत, कोणता क्षण कोणत्या नित्यक्रमावर उभा आहे हे शोधावयास सांगावे. एवढे झाले तरी या लेखनातील संथपणा हा दोष नसून तोच त्याचा आशय आहे, हे त्याच्या ध्यानी येईल.