एक कंपनी, तीन जोडण्या : एमटीएनएलच्या निमित्ताने संदेशवहनाचा पाठ



परिसर अभ्यासात संदेशवहन शिकवताना आपण कबुतरापासून सुरुवात करतो आणि पत्र, तार, टेलिफोन असं करत मोबाईलपाशी येऊन थांबतो. मुलं यादी छान पाठ करतात. पण "आपल्या घरात नेट येतं कुठून?" असं विचारून बघा. बहुतेकांचं उत्तर येईल, "वायफायमधून!" म्हणजे नळाला पाणी कुठून येतं, तर नळातून! हे उत्तर पुढे नेण्यासाठी मुंबईच्या मुलांना जवळचं उदाहरण म्हणजे एमटीएनएल.

कंपनीची ओळख

महानगर टेलिफोन निगम लिमिटेड ही केंद्र सरकारची कंपनी. स्थापना १ एप्रिल १९८६. कार्यक्षेत्र फक्त दोन महानगरं, मुंबई आणि दिल्ली. मुंबईच्या सेवेत ठाणे आणि नवी मुंबईही आली. उरलेल्या देशासाठी २००० मध्ये बीएसएनएल स्थापन झाली. त्या काळात फोनसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट बघायचे. घरी फोन लागला की शेजाऱ्यांचे निरोपही त्याच फोनवर यायचे. आजी-आजोबांना विचारायला सांगा, वर्गात भरपूर किस्से येतील.

तीन सेवा, पाण्याच्या उपमेतून

१) मोबाईल : हा समजा चाळीतला सामाईक नळ. एका टॉवरच्या लहरी परिसरातले सगळे वाटून घेतात. गणपतीच्या गर्दीत फोन लागत नाही तो याचमुळे. एमटीएनएलने २००१ मध्ये 'डॉल्फिन' नावाने मोबाईल सेवा सुरू केली. खासगी कंपन्या मुंबईत १९९५ पासूनच होत्या.

२) ब्रॉडबँड : हा घरापर्यंत आलेला स्वतःचा पाइप. मागची मोठी वाहिनी मात्र सगळ्यांची एकच, म्हणून रात्री सगळ्यांनी नळ सोडले की धार बारीक होते. एमटीएनएलचं 'ट्रायबँड' २००५ मध्ये आलं, तेही टेलिफोनच्या जुन्याच तांब्याच्या तारेवरून. एकाच तारेत आवाज खालच्या कंपनसंख्येवर आणि माहिती वरच्या कंपनसंख्येवर जाते. स्प्लिटर नावाची छोटी डबी त्या वेगळ्या करते, म्हणून फोनवर बोलताना नेट बंद पडत नाही. मात्र एक्स्चेंजपासून घर जितकं लांब, तितका वेग कमी. फायबरमध्ये तांब्याऐवजी काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, त्यामुळे शहरातल्या अंतराने वेगात फारसा फरक पडत नाही.

३) लीज्ड लाइन : ही बँका, रुग्णालयं, मोठ्या कचेऱ्यांसाठी. टाकीपासून थेट टाकलेली राखीव वाहिनी. ठरलेला वेग दिवसरात्र मिळतो, माहिती पाठवण्याचा वेगही उतरवून घेण्याइतकाच असतो. म्हणून ती महाग. "बँकेचं नेट गेलं तर काय काय अडेल?" एवढा एकच प्रश्न विचारा, मुलं महागाईचं कारण स्वतः सांगतील.

मग ही कंपनी मागे का पडली?

मोठ्या मुलांशी हा विषय जरूर बोला. घरोघरी तार पोहोचलेली होती, तरी ग्राहक गेले. लोक मोबाईलकडे वळले. २०१० मध्ये लहरींसाठी सुमारे ११ हजार कोटी रुपये भरावे लागले आणि कर्जाचा बोजा वाढला. पगाराचा खर्च मोठा होता. स्पर्धक ४जी देत असताना ही कंपनी मागे राहिली. २०१९ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सुमारे १४ हजार कर्मचारी बाहेर पडले. १ जानेवारी २०२५ पासून सेवा चालवण्याचं काम बीएसएनएलकडे गेलं आहे.

कुणाची चेष्टा करण्यासाठी हे सांगायचं नाही. एका पिढीला फोन याच लाइनमनांनी जोडून दिले, पावसाळ्यात चिखलात उतरून तारा जोडल्या. मुलांना कळायला हवं ते इतकंच, की घरापर्यंतची वाट एकदा बांधून चालत नाही, ती वेळेवर नवी करावी लागते.

वर्गातला उपक्रम

फळ्यावर लिहा : १ बाइट = ८ बिट. जाहिरातीतला वेग मेगाबिटमध्ये असतो, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. आता गणित द्या. वेग सेकंदाला ८० मेगाबिट असेल, तर १०० मेगाबाइटचा व्हिडिओ किती वेळात उतरेल? ८० ÷ ८ = १०, म्हणून १० सेकंद. वेग ८ मेगाबिट असेल तर? १०० सेकंद. भागाकाराचा सरावही होतो आणि जाहिरात वाचायलाही मुलं शिकतात.

पालकांसाठी

नवी जोडणी घेताना फक्त "स्पीड किती?" एवढंच विचारू नका. पुढचे प्रश्नही विचारा.

• अपलोडचा वेग किती? ऑनलाइन तासाला मुलाचा चेहरा आणि आवाज शिक्षकांपर्यंत त्यानेच जातो.
• ठरावीक डेटा संपल्यावर वेग किती उरतो?
• बिघाड झाला तर किती दिवसांत माणूस येतो?
• वीज गेली तर काय? जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून वीज मिळायची, म्हणून अंधारातही फोन चालायचा. फायबरच्या मोडेमला घरचीच वीज लागते.

ज्या घरात तीन मुलं आणि एकच मोबाईल आहे, तिथे अभ्यासही सामाईक नळावरच चालतो. ऑनलाइन गृहपाठ देताना आपण शिक्षकांनी आधी एवढं बघूया, की कोणत्या मुलाकडे कोणती जोडणी आहे.

स्वाध्याय

१) तुमच्या घरी येणारी तार कुठून येते, ते इमारतीबाहेरच्या डबीपर्यंत शोधा आणि चित्र काढा. तारेला हात लावू नका.
२) मोबाईल आणि ब्रॉडबँड यांतले दोन फरक लिहा.
३) लीज्ड लाइन लागेल अशी तुमच्या परिसरातली तीन ठिकाणं सांगा.

वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी काय उत्तरं दिली ते जरूर कळवा.