राबणं वेगळं, ताकद कमावणं वेगळं

आरोग्याचा पाठ : पन्नाशी ओलांडलेल्या ताईंसाठी
(गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचावा. सोबत एक पक्की खुर्ची आणि तेलाचा पाच लिटरचा रिकामा, कडीचा कॅन ठेवावा.)



व्यायामाचा विषय काढला की बैठकीत एक उत्तर हमखास येतं. "दिवसभर रानात राबतो, पाणी भरतो, भांडी घासतो, आता अजून कसला व्यायाम?" प्रश्न रास्त आहे. पण त्याच्याच जोडीला दुसरा प्रश्न विचारू या. जन्मभर राबलेली आपली आई, सासू, आत्या साठीनंतर जमिनीवरून उठताना हात का टेकते? पायरी चढताना भिंत का धरते? नुसत्या कष्टाने ताकद टिकली असती, तर ती सगळ्यांत जास्त त्यांच्याच अंगात टिकली असती.

कष्टाने ताकद का वाढत नाही?

पहिलं कारण, काम रोज तेच असतं. शरीराला त्याची सवय झालेली असते. सवयीपेक्षा थोडा जास्त भार पडला, तरच स्नायू बळकट होतात. दुसरं कारण, वजन उचलताना आपण बहुतेक वेळा पाठीतून वाकतो. त्यामुळे पाठ आणि गुडघे झिजतात, पण मांड्यांना आणि कुल्ल्यांना नीट काम मिळत नाही. तिसरं कारण, स्नायू भरून यायला विश्रांती आणि सकस खाणं लागतं. आपल्या वाट्याला दोन्ही कमीच येतं.

त्यात वयाचा हिशेब वेगळाच. तिशीनंतर दर दहा वर्षांनी अंगातले स्नायू साधारण ३ ते ८ टक्के कमी होत जातात, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. पाळी गेल्यावर हाडंही ठिसूळ व्हायला लागतात. पायात जोर नाही आणि हाडात दम नाही, अशा वेळी मोरीत पाय घसरला तर खुबा मोडतो. मग ऑपरेशन, कर्ज, अंथरूण, आणि दुसऱ्याच्या हाताकडे बघत बसणं. म्हणून हा पाठ.

आधी स्वतःला तपासा

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. खुर्चीत बसा आणि दोन्ही हात छातीवर आडवे धरा. ३० सेकंदांत हात न टेकता किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. मोबाइलवर वेळ लावा, मोजायला शेजारची ताई हवीच. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ वेळा, ६५ ते ६९ ला ११ वेळा आणि ७० ते ७९ ला १० वेळा जमायला हवं. आकडा याहून कमी आला, तर पडण्याचा धोका जास्त आहे असं समजा. पन्नाशीतल्या ताईंनी १२ च्या वर जायलाच हवं. आलेला आकडा गटाच्या वहीत लिहून ठेवा, तो पुढे लागणार आहे.

"आता या वयात कुठली ताकद?"

असं म्हणणाऱ्या ताईंसाठी ही माहिती. अमेरिकेत बोस्टन शहरातल्या वृद्धांच्या निवासात नव्वदीच्या आसपास वय असलेल्या १० अशक्त लोकांना वजन उचलायला शिकवलं. आठ आठवडे, देखरेखीखाली. ९ जणांनी ते पूर्ण केलं. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे दुपटीहून जास्त झाली. दोघांना चालताना काठीची गरज उरली नाही. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. नव्वदीत जे होतं, ते पंचावन्नाव्या वर्षी नक्कीच होईल.

कडीचं वजन

शहरातल्या जिममध्ये 'केटलबेल' नावाचं एक वजन असतं. लोखंडी गोळा आणि त्याला वर धरायला कडी. हे मूळचं रशियातलं. तिथल्या बाजारात धान्य तोलायला कडी असलेली वजनं वापरत, आणि तीच उचलून माणसं ताकद अजमावत. तिथलं 'पूड' हे जुनं माप साधारण १६ किलोचं. आजही १६ किलोच्या केटलबेलला एक पूड म्हणतात.

आपल्याला ते विकत घ्यायची गरज नाही. तेलाच्या कॅनला कडी असतेच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन हवं तसं कमी-जास्त करता येतं. सुरुवात दोन लिटरने करा. "मी तर पंधरा लिटरचा हंडा उचलते," असं कोणी म्हणेल. उचलत असाल, पण आधी पद्धत शिकायची, वजन मागाहून. कडीला तडा नाही आणि झाकण घट्ट आहे हे रोज बघा. पुढे पाच लिटर पाणीही हलकं वाटायला लागलं, की त्याच कॅनमध्ये कोरडी वाळू भरा. भरलेला कॅन आठ किलोच्या आसपास जाईल.

चार हालचाली

१. ऊठबस. कॅन दोन्ही हातांनी छातीशी धरा. खुर्चीवरून उठा आणि सावकाश बसा. बसताना मनात तीन आकडे मोजा, धप्पकन बसू नका. गुडघे आत झुकू देऊ नका. कॅन घेऊन जमत नसेल, तर पहिले पंधरा दिवस रिकाम्या हाताने करा.

२. खुब्यातून वाकून उचलणं. कॅन दोन पायांच्या मध्ये ठेवा. दोन्ही हातांत पाट्या असताना आपण मागचं दार कुल्ल्याने लोटतो ना, तसे कुल्ले मागे न्या. गुडघे थोडे वाकवा, पाठ सरळ ठेवा. कडी धरा, पाय जमिनीत रोवा आणि उभ्या राहा. ताण मांडीच्या मागच्या बाजूला जाणवला, तर बरोबर. कमरेत जाणवला, तर कॅन पाटावर ठेवून थोडा उंच करा. हीच सवय रानातली पाटी आणि घरातला सिलिंडर उचलताना लावायची आहे.

३. एका हातात वजन घेऊन चालणं. कॅन एका हातात धरून ताठ चाला, वीस पावलं जा आणि वीस पावलं या. अंग एका बाजूला कलू द्यायचं नाही. मग हात बदला. याने पकड आणि तोल दोन्ही सुधारतात.

४. ओढणं. एक हात खुर्चीच्या पाठीवर टेकून पाठ सरळ ठेवत पुढे झुका. दुसऱ्या हाताने कॅन कोपर मागे नेत बरगडीपर्यंत ओढा आणि सावकाश खाली सोडा. दोन्ही हातांनी करा.

शेवटी ओट्याला बोट लावून एका पायावर दहा सेकंद उभं राहा, मग दुसऱ्या पायावर. केटलबेल झोके देऊन फिरवण्याचे प्रकार व्हिडिओत दिसतात. ते शिकवणाऱ्याशिवाय करू नका.

किती आणि कधी?

पहिली, दुसरी आणि चौथी हालचाल ८ ते १० वेळा करा. मग दोन मिनिटं बसा आणि पुन्हा एक फेरी. सगळं मिळून २० ते २५ मिनिटं. आठवड्यातून तीन दिवस पुरे, मध्ये एक दिवस सोडायचा, कारण स्नायू विश्रांतीतच भरतात. खुरपणी-कापणीच्या दिवसांत दोनदाच केलं तरी चालेल, पण सोडू नका. सलग दोन वेळा १२ पर्यंत सहज जमलं, की अर्धा लिटर वाढवा. बचतीसारखंच आहे हे. रक्कम छोटी, पण ठरल्या दिवशी, आणि हळूहळू वाढणारी.

जोर लावताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून वजन उचलायचं नाही, रक्तदाब एकदम चढतो.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावं?

रक्तदाब आटोक्यात नसेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, हाड मोडलेलं असेल किंवा पाठीला नव्याने बाक आला असेल, तर आधी दाखवून घ्या. आणखी एक गोष्ट आपण लाजेने बोलत नाही. अंग बाहेर येत असेल, खोकताना लघवी होत असेल, तर वजन उचलण्याआधी आशाताईंना सांगा आणि दवाखान्यात जा. त्यावर इलाज आहे. व्यायाम करताना छातीत दुखलं, धाप थांबेना, सांध्यात कळ आली, तर तिथेच थांबा. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या, तर घाबरू नका, तेवढं चालतं.

ताटाकडेही बघा

स्नायू प्रथिनांवर वाढतात. ५० किलो वजनाच्या बाईला दिवसाला किमान ४० ग्रॅमच्या वर प्रथिनं लागतात. एका अंड्यात, एक पेला दुधात किंवा मूठभर शेंगदाण्यांत प्रत्येकी साधारण ६ ग्रॅम मिळतात. डाळ, मटकी, हरभरा, भाकरी यांतूनही मिळतात. पण सगळ्यांचं जेवण झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेलं आमटीचं पाणी ओरपून ती भरत नाहीत. डाळ आपल्या ताटात आधी वाढून ठेवा. किडनीचा आजार असेल, तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.

गटात चर्चा करा

१. आपल्या गटात साठीच्या वर किती ताई आहेत? त्यातल्या किती जणी हात न टेकता उठतात?
२. आठवड्यातले कोणते तीन दिवस आणि कोणती वेळ सगळ्यांना जमेल? कोणाच्या अंगणात?
३. ज्या ताई एकट्याने करायला घाबरतात, त्यांच्याजवळ कोण उभं राहील?
४. घरी सासूबाई असतील, तर त्यांना रिकाम्या हाताने ऊठबस कोण शिकवेल?

दिवस आणि वेळ ठरावात लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा खुर्ची मांडा, ३० सेकंद लावा आणि नवा आकडा जुन्या आकड्याच्या शेजारी लिहा.