पाठांतर, स्मृती आणि मेंदूची रचना



२०२५ च्या अखेरीस काशीत एक दंडक्रम पारायण पूर्ण झाले. अहिल्यानगरचे १९ वर्षांचे वेदमूर्ती देवव्रत महेश रेखे यांनी शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे सुमारे २००० मंत्र ५० दिवसांत, खंड न पडू देता म्हटले. दंडक्रम म्हणजे पदे सरळ म्हणायची, मग उलट क्रमाने म्हणायची आणि दर फेरीला एकेक पद वाढवत न्यायचे. ही बातमी आली त्या आठवड्यात आपल्यापैकी अनेकांच्या मोबाईलवर एक निरोपही फिरला: मंत्र पाठ करा, स्मृतिभ्रंश होणार नाही. तो अनुवादासाठी माझ्याकडे आला, पण मी अडलो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमाखर्चात पावती नसलेली रक्कम लिहायची नाही, एवढे मला शिकवलेले आहे.

पावती कुठवर आहे ते पाहू. इटलीतील ट्रेंटो विद्यापीठाचे जेम्स हार्टझेल यांनी भारतात यजुर्वेद मुखोद्गत असलेल्या २१ पंडितांच्या मेंदूचे एमआरआय काढले आणि पाठांतर नसलेल्या २१ जणांशी त्यांची तुलना केली. २०१६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पंडितांच्या उजव्या हिप्पोकॅम्पसच्या बऱ्याच मोठ्या भागात करडा पदार्थ अधिक आढळला. हिप्पोकॅम्पस म्हणजे कानशिलाच्या आत खोलवर असलेला, वळलेल्या पट्टीसारखा भाग. तो काय करतो, हे एका दुर्दैवी रुग्णामुळे कळले. १९५३ साली अमेरिकेत फेफरे थांबवण्यासाठी एका तरुणाचा दोन्ही बाजूंचा हा भाग काढला गेला. त्यानंतर त्याला बालपण आठवे, पण नवी भेट, नवा चेहरा काही मिनिटांत पुसला जाई. अल्झायमरची झीजही याच परिसरात लवकर सुरू होते. म्हणून सकाळी जेवलो की नाही हे आजीला आठवत नाही, माहेरची विहीर मात्र आठवते.

मग निरोप खरा का मानू नये? कारण हार्टझेल यांनी दोन गटांची एकाच वेळी तुलना केली. पाठांतराने तो भाग वाढला, की ज्यांचा मुळातच तसा होता तेच दशग्रंथी होईपर्यंत टिकले, हे त्यातून ठरत नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांना शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात. तिथे उमेदवारांना काही वर्षे तपासत राहिले, तेव्हा परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये वाढ दिसली. अभ्यासाने मेंदूची घडण बदलू शकते, इतके म्हणता येईल. रोग टळतो असे अजून कोणी सिद्ध केलेले नाही.

काशीचेच आणखी एक उदाहरण. काशिराज दिवोदासांकडे शिकलेल्या सुश्रुतांच्या संहितेत शवविच्छेदनाची रीत आहे. मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवायचा, सात रात्रींनी काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने थरथर खरवडायचा. त्वचा, स्नायू, सांधे यासाठी ही रीत उत्तम. पण मेंदू फार मऊ असतो, इतके दिवस पाण्यात त्याची रचना टिकणे अवघड. संहितेत चेतनेचे स्थान हृदय सांगितले आहे, यात मला तरी नवल वाटत नाही. मेंदूचा अमुक भाग अमुक काम करतो याचा ठोस पुरावा १८६१ मध्ये पॅरिसला ब्रोका यांनी दिला. बोलता न येणाऱ्या रुग्णाच्या मृत्यूनंतर डाव्या मेंदूचा पुढचा भाग बिघडलेला त्यांना दिसला.

हे मला पुस्तकात नंतर सापडले, घरात आधी. आजोबांचे तोंड एका संध्याकाळी वाकडे झाले आणि उजवा हात लुळा पडला. आम्हाला वाटले वारे लागले. शेक दिला, सकाळची वाट पाहिली. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध सहसा साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. गुठळी की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, म्हणून घरी थांबणे हाच सर्वांत मोठा तोटा. चेहरा एका बाजूला ओघळला, हात वर धरवत नाही, जीभ अडखळते, यातले एकही अचानक दिसले तर वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. तोंडात पाणी, औषध काही घालू नका.

आजोबांना आता 'पाणी' हा शब्द येत नाही. पण आजीने सुरुवात करून दिली की रामरक्षा बऱ्यापैकी येते. वाचा गेलेल्या रुग्णांत हे डॉक्टरांना नेहमी दिसते. लहानपणी घोकलेले आणि सुरात म्हटलेले मेंदूत निराळ्या वाटेने उमटते, असे ते मानतात. संध्याकाळी दिवा लागल्यावर दोघे म्हणत बसतात. संपले की आजोबा डाव्या हाताने तांब्याकडे बोट दाखवतात.