राऊतवाडीस निघालेल्या भाच्यास

शिरोळ, आषाढ शुद्ध दशमी

चिरंजीव बाळ,

तुझे पत्र पावले. येत्या शनिवारी वीस-बावीस मुलामुलींसमवेत राधानगरीस जावे, राऊतवाडीचा धबधबा पाहावा, रात्री गावातच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी डोंगरवाटांनी हिंडून परतावे, असा तुमचा बेत ठरला असून त्या तुकडीचे पुढारपण तुझ्याकडे आले आहे, हे वाचून मनापासून आनंद झाला. तू परवानगी मागितलीस, ती दिली आहे. तुझ्या आईची समजूत घालण्याचे कामही मी माझ्याकडे घेतले आहे. आपल्या जिल्ह्यात आषाढात डोंगर चढण्याची परंपरा काही आजची नाही. 1660 च्या जुलैत शिवछत्रपती सिद्दी जौहरचा वेढा फोडून ज्या वाटेने विशाळगडाकडे निसटले, त्या पन्हाळा ते पावनखिंड वाटेवरून आजही दरवर्षी शेकडो मुले भर पावसात चालत जातात, आणि त्या चिखलातून माणसाचे जे शिक्षण होते ते वर्गात बसून होत नाही, असे माझे ठाम मत आहे. तेव्हा हे पत्र मोडता घालण्यासाठी लिहिलेले नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

परंतु तुझ्या पत्रातील एक वाक्य मला खटकले, आणि पत्र लांबणार आहे ते त्या एका वाक्यापायी. तू लिहितोस, ‘‘आम्ही शिरोळची माणसे, आम्हांला पाण्याचे काय भय?’’ बाळ, ज्या पाण्याला आपण ओळखतो ते पाणी निराळे, आणि ज्याला भेटावयास तू निघाला आहेस ते निराळे. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांचा आपला तालुका. गगनबावड्यास वर्षाकाठी 5000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर आपल्याकडे जेमतेम 500, आणि तरीही पूर येतो तो आपल्या दाराशी, कारण डोंगरात पडलेले सारे पाणी अखेर आपल्याच शिवारातून वाट काढते. पण ते येते कसे, हे आठव. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेले की इशारा होतो, 43 फुटांवर धोका जाहीर होतो. मग तालुक्यातून गावोगाव ताकीद जाते, जनावरे सोडून माळावर नेली जातात, धान्याची पोती माळ्यावर चढतात. नृसिंहवाडीस पाणी देवळात शिरून दक्षिणद्वाराने बाहेर पडू लागले म्हणजे लोक भक्तिभावाने त्या प्रवाहात स्नानास उतरतात. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेने 55 फुटांची मर्यादाही ओलांडली आणि तालुक्यातील गावेच्या गावे दिवसचे दिवस पाण्यात राहिली. त्या भयंकर दिवसांतही आपल्या घराच्या भिंतीवर आजोबांनी कोळशाने रेघा ओढून ठेवल्या होत्या, आणि पाणी एका रेघेवरून दुसरीवर चढावयास किती घटका लागतात यावरून कोणते सामान केव्हा हलवावयाचे हे ते ठरवीत होते. आपला पूर थोर आहे, निर्दयही आहे. परंतु तो मुदत देतो. तुझी सारी पाण्याची ओळख त्या मुदतीवर उभी आहे.

डोंगरातले पाणी मुदत देत नाही. याचे कारण समजून घेशील तर माझ्या पुढच्या सूचना तुला जाचक वाटणार नाहीत. सह्याद्रीचा हा भाग लाव्हारसाच्या एकावर एक बसलेल्या आडव्या थरांनी रचला गेला आहे. त्यातील कठीण थर टिकतो, खालचा ठिसूळ थर झिजतो, आणि वरून आलेल्या ओढ्याला एकाएकी उडी घ्यावी लागते. माथ्यावर पुष्कळ ठिकाणी जांभ्याचे सडे आहेत, आणि त्यांवरची माती कोठे कोठे वीतभरही खोल नाही. मृगाच्या पहिल्या सरी हा सडा पिऊन टाकतो. आषाढात तो तृप्त झालेला असतो, आणि मग वर पडलेला प्रत्येक थेंब सरळ ओढ्यात उतरतो. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र लहान, उतार तीव्र, त्यामुळे माथ्यावर कोसळलेली सर काही मिनिटांत पायथ्याशी हजर होते. तुम्ही खाली कोवळ्या उन्हात उभे असाल, छायाचित्रे काढीत असाल, आणि वर धुक्याआड एखादा ढग रिता होत असेल. त्याची वर्दी घेऊन कोणीही तुमच्यापर्यंत येणार नाही.

असेच घडले 30 जून 2024 रोजी, रविवारी. लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील बाजूस डोंगरातून उतरणाऱ्या प्रवाहात एक कुटुंब मध्यभागी खडकावर उभे होते. पाणी वाढले, आणि काठावरील शेकडो माणसांच्या डोळ्यांदेखत एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसे, लेकरांसह, वाहून गेली. पाच जीव गेले. त्यानंतर पुणे जिल्ह्यात मनाई हुकूम निघाले, पोलिसांचा बंदोबस्त लागला. त्या प्रसंगाचे चित्रण तूही पाहिले असशील. मी ते पाहिले तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट राहून राहून येत होती : काठ हाकेच्या अंतरावर होता, आणि काही वेळापूर्वी त्याच प्रवाहातून ती माणसे चालत त्या खडकापर्यंत गेली होती.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत कडक ताकीद अशी, की परतीची वाट ओढ्याच्या ज्या काठाला आहे तो काठ तुमच्या तुकडीतील एकानेही सोडू नये. पाणी घोट्याएवढे असले तरी पलीकडे जाऊ नये, कारण जाताना घोट्याएवढे असलेले पाणी येताना कमरेएवढे होऊ शकते. दुसरे, पाण्याच्या रंगावर नजर ठेवण्यासाठी एक जण नेमून ठेव, आणि त्याने त्या वेळी मौजेत भाग घेऊ नये. पांढरे स्वच्छ पाणी तांबूस झाले, त्यात पालापाचोळा आणि काटक्या दिसू लागल्या, किंवा धबधब्याच्या आवाजात एकदम भर पडली, तर वस्तू गोळा करीत न बसता सर्वांनी चढावर निघावे. चप्पल राहिली तर राहू दे.

तुला पोहता येते, याचा मला अभिमान आहे. नृसिंहवाडीच्या घाटावरून पैलतीर गाठणारा मुलगा तू. तथापि धबधब्याखालच्या डोहात ते पोहणे कामी येईलच असे समजू नकोस. जेथे धार पडते तेथील पाणी फेसाळलेले असते, त्यात हवा मिसळलेली असते, आणि असे पाणी अंगाला नदीसारखे तोलून धरीत नाही. शिवाय तळाशी झिजलेल्या कपारी असतात, प्रवाह माणसाला त्यांत ओढतो, आणि बाहेरून पाहणाऱ्यास डोह शांत दिसत राहतो. धारेखाली डोके धरून उभे राहण्याचा मोह सर्वांनाच होतो. त्या धारेबरोबर वरून दगडही येतात. कोणी पडलेच, तर त्याच्यामागे उडी घेणाऱ्या मित्राला अडवण्याचे धैर्य तुझ्याजवळ हवे. एक लांब मजबूत दोर आणि दोन बांबूच्या काठ्या बरोबर घ्या. काठावरून दोर फेकणे हीच खरी मदत.

राधानगरीस जाल तेव्हा धरणही पाहालच. शाहू महाराजांनी भोगावतीवर ते आरंभिले; त्यांच्या हयातीत ते पुरे झाले नाही, पण आज जिल्ह्यातला पुष्कळ ऊस त्या दूरदृष्टीवर पोसला जातो. त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की पाण्याच्या भारानेच ते उघडतात, आणि एकेका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटते. तेव्हा सांडव्याखालच्या पात्रात उतरण्याचा विचारही नको. दाजीपूरच्या अभयारण्याकडे वळावयाचे असल्यास वनखात्याच्या कार्यालयात आधी चौकशी कर, आणि परवानगी नाही म्हणाले तर हुज्जत न घालता माघारी फीर. ते जंगल गव्यांचे आहे.

आता तुकडीविषयी. वीस माणसे एकत्र आली म्हणजे धीर वीसपट होतो, विवेक मात्र वाढत नाही. एकटा असताना ज्या कातळावर कोणी पाय ठेवणार नाही, त्यावर मित्र पाहत आहेत म्हणून चढणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. पुढारी पुढे चालतो असा समज आहे, पण वाट माहीत असलेला गावकरी पुढे घालावा आणि तू सर्वांच्या शेवटी राहावेस. जो सर्वांत सावकाश चालतो त्याच्या चालीने तुकडी चालली पाहिजे. प्रत्येक वळणावर हजेरी घे. कोणी ‘मला नको, मी येथेच थांबतो’ म्हणाला, तर त्याची थट्टा होऊ देऊ नकोस, आणि त्याच्याजवळ एकाला ठेवून पुढे हो. भीती बोलून दाखवणारा माणूस तुकडीला फार उपयोगी असतो. दारूची बाटली कोणाच्या पिशवीत निघाली, तर त्याची रवानगी पहिल्या एसटीने कोल्हापुरास. येथे मैत्री आड आणू नकोस.

आणि ज्यांच्या शिवारातून जाल त्यांचा मान राखा. हे दिवस भात लावणीचे आहेत. इरली घेतलेल्या बायका गुडघाभर चिखलात वाकून रोप लावीत असतील, तेव्हा त्यांची छायाचित्रे न विचारता काढू नयेत, आणि ओल्या बांधांवरून वीस जणांनी चालत जाऊन ते ढासळवू नयेत. बांध फुटला तर वाफ्यातले पाणी जाते, आणि ते नुकसान त्या घराला वर्षभर पुरते. गावातून जो वाटाड्या घ्याल त्याची मजुरी आधी ठरवून, ठरल्यापेक्षा थोडी अधिक द्या. जेवण गावातच सांगितलेत तर त्या घरांना चार पैसे मिळतील; तरी तुझी आई भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून पाठवणार आहे, तिला नको म्हणू नकोस.

शुक्रवारी रात्रीपर्यंत सर्वांची नावे, घरचे दूरध्वनी आणि मुक्कामाचा पत्ता अशी यादी तयार करून एक प्रत महाविद्यालयात, एक राऊतवाडीच्या पोलीस पाटलाकडे आणि एक माझ्याकडे ठेव. हवामान खात्याने घाटमाथ्यासाठी लाल इशारा दिला, तर बेत पुढील आठवड्यावर ढकलावा. धबधबा श्रावणातही वाहत असतो. गाडीचे भाडे आगाऊ दिले असेल आणि ते बुडत असेल, तर तसे कळव, त्याची तजवीज मी करीन.

तुझा,
मामा