भरतीला फिट, घरी येताना आजारी: डिसेबिलिटी पेन्शनचा नकाराचा कागद कसा वाचायचा



या पानावर आपण दर वेळी एक कागद घेऊन बसतो. या वेळचा कागद सगळ्यांच्या घरी नसेल. पण ज्यांच्या घरी आहे, त्यांच्या घरी तो बहुतेक पेटीच्या तळाशी पडून असतो. आपल्या नागपूर जिल्ह्यात कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. आपल्या गावची पोरं गार्ड्समध्ये जातात, महारमध्ये जातात, मराठा लाइट इन्फन्ट्रीत जातात. काही जण पूर्ण नोकरी करून पेन्शनवर येतात. काही मात्र मधेच आजारी किंवा जखमी होऊन घरी येतात. हा पाठ त्यांच्या घरच्या बायांसाठी.

पारशिवनी तालुक्यातल्या एका गटात मी कर्जाच्या परतफेडीचं पाहायला गेले होते. एका ताईचे हप्ते तीन महिन्यांपासून थकले होते. घेतलेले 8,000 रुपये गेले कुठे, तर मालकाच्या औषधात. मालक सात वर्षं फौजेत होते, 2011 मध्ये मिरगीचे झटके येतात म्हणून घरी पाठवले गेले. पेन्शन नाही. ताईने पेटीतून एक खाकी लिफाफा काढला आणि विचारलं, "मॅडम, याच्यात काय लिहून आहे जी?"

मी इंग्रजी पत्र वाचलं आणि सांगितलं, "ताई, नाही म्हणून राहिले ते." लिफाफा परत पेटीत गेला. पत्रातला मजकूर मी बरोबर वाचला होता, पण त्याचा अर्थ चुकीचा सांगितला. हे मला पंधरा दिवसांनी कळलं. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत हा विषय आमच्या वाट्याला आला नव्हता, हे खरं. पण माहीत नसताना सांगायला नको होतं, हेही तितकंच खरं.

पत्रात दोन गोष्टी होत्या. एक, अपंगत्व 20 टक्के, कायमचं. दुसरी, आजार "नायदर ॲट्रिब्युटेबल टू नॉर ॲग्रॅव्हेटेड बाय मिलिटरी सर्व्हिस". म्हणजे आजार नोकरीमुळे झालाही नाही आणि नोकरीमुळे वाढलाही नाही. मुलांना तुमच्या पत्रात हेच शब्द शोधायला सांगा. डिसेबिलिटी पेन्शनचं सगळं भांडण या एका ओळीवर असतं.

नियम असा आहे. साधी पेन्शन मिळायला शिपायाची 15 वर्षं नोकरी व्हावी लागते. डिसेबिलिटी पेन्शनला अशी वर्षांची अट नाही. अपंगत्व 20 टक्के किंवा जास्त असावं, आणि ते नोकरीमुळे झालेलं किंवा नोकरीमुळे वाढलेलं असावं. टक्के ठरवतं मेडिकल बोर्ड, आणि नोकरीमुळे झालं की नाही हेही आधी तेच लिहितं. आपली माणसं तिथेच हात टेकतात. डॉक्टरांनी लिहिलं, वर शिक्का आहे, आता काय बोलणार?

पण त्या ओळीवर बोलता येतं. धरमवीर सिंग नावाचे एक जवान होते. 1985 मध्ये भरती झाले, सुमारे नऊ वर्षं नोकरी केली, 1994 मध्ये झटक्यांच्या आजारामुळे घरी पाठवले गेले. अपंगत्व 20 टक्के. बोर्डाने लिहिलं, नोकरीशी संबंध नाही. पेन्शन नाकारली. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयात एका न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, पुढे दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने तो फिरवला. शेवटी 2 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पेन्शन द्यायला सांगितलं. घरी आल्यापासून 19 वर्षांनी.

त्या निकालात न्यायालयाने जे सांगितलं ते आपल्या भाषेत असं. भरतीच्या वेळी फौजेचेच डॉक्टर पोराला डोक्यापासून पायापर्यंत तपासतात. तेव्हा आजाराची काही नोंद केली नाही, म्हणजे तो धडधाकट होता असंच धरायचं. मग नोकरीत असताना तब्येत बिघडली आणि त्यासाठी घरी पाठवलं, तर ती नोकरीमुळेच बिघडली असं धरायचं. तसं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी जवानावर नाही, सरकारवर आहे. आजार भरतीच्या वेळी दिसण्यासारखा नव्हता असं बोर्डाला म्हणायचं असेल, तर त्याने कारणं लिहायला पाहिजेत. आणि शंका उरली, तर तिचा फायदा जवानाला.

आता ताईच्या लिफाफ्यातलं पत्र परत वाचा. आजार नोकरीमुळे नाही, एवढंच लिहून आहे. काहून नाही, ते लिहिलेलंच नाही. मी "नाही म्हणतात" म्हणून बंद केलेला तो कागद खरं तर अपिलाचा मुख्य पुरावा होता.

दुसरे दोन निकाल थोडक्यात सांगते. 2014 मध्ये सुखविंदर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की आजारामुळे जवानाला नोकरीतूनच काढलं असेल, तर अपंगत्व 20 टक्क्यांच्या वरच धरायला हवं. म्हणजे पत्रात 15 टक्के लिहिलं असलं तरी लगेच गप्प बसायचं नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राम अवतार यांच्या प्रकरणात टक्के वर नेऊन धरण्याचा फायदा पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. 50 च्या खाली असेल तर 50 धरायचे, 50 ते 75 असेल तर 75, त्याच्या वर 100.

याचा पैशात अर्थ काय? डिसेबिलिटी पेन्शनचे दोन भाग असतात, एक नोकरीचा आणि एक अपंगत्वाचा. अपंगत्वाचा भाग 100 टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या 30 टक्के. समजा हिशेबासाठी पगार 40,000 धरला. 100 टक्क्यांना 12,000 होतात. 20 टक्क्यांना 2,400. तेच 20 चे 50 धरले की 6,000. वरून महागाई भत्ता वेगळा. आणि पेन्शन लागली की माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेचं सदस्य होता येतं. ज्या ताईचं गटाचं कर्ज गोळ्यांत जातं, तिला हे मी वेगळं समजावून सांगायची गरज पडली नाही.

हेही सांगते, की सगळ्यांना पेन्शन मिळतेच असं नाही. 2019 मध्ये नरसिंग यादव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बोर्डाचं मत मान्य करून पेन्शन नाकारली. सुट्टीत घरी असताना झालेल्या अपघातात नोकरीशी संबंध दाखवावा लागतो, तिथे निकाल दोन्हीकडे गेलेले आहेत. दारू पिऊन झालेली इजा असेल तर आशा धरू नका. आणि 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम लागू झाले आहेत, त्यानंतर घरी आलेल्यांनी वकिलाला आधी तारीख सांगावी. म्हणून कोणी बघताच "शंभर टक्के काम होते" म्हणाला, तर त्याच्यापासून दूर राहा.

तसा एक जण या ताईकडे येऊन गेला होता. मागची थकबाकी निघाली की निम्मी माझी, असं त्याचं बोलणं. तायांनो, वकिलांच्या बार कौन्सिलच्या नियमात निकालावर फी ठरवायला आणि मिळालेल्या रकमेत हिस्सा घ्यायला मनाई आहे. जो हिस्सा मागतो तो एकतर वकील नाही, किंवा नियम मोडणारा वकील आहे. कोरा चेक, कोऱ्या कागदावर सही, मूळ डिस्चार्ज बुक आणि मोबाईलवर आलेला ओटीपी, यातलं काहीही कोणाला देऊ नका.

फुकट वकील मिळण्याचा रस्ता सरकारीच आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत बसावं लागतं. इथे एक बारीक गोष्ट आहे. मालक हयात असतील तर दावा त्यांच्या नावाने, त्यांच्या सहीने होतो, त्यामुळे ते कोणत्या गटात बसतात ते पाहिलं जातं. मालक वारले असतील तर तुम्ही स्वतःच्या नावाने कुटुंब निवृत्तिवेतनासाठी उभ्या राहता, आणि बाई म्हणून वकील तुमच्या हक्काचा. त्याच आजाराने मृत्यू झाला आणि तो आजार नोकरीमुळे धरला गेला, तर साध्याऐवजी विशेष कुटुंब निवृत्तिवेतन लागतं, ते शेवटच्या पगाराच्या 60 टक्के असतं. विधवा तायांनी हे वाक्य परत एकदा वाचा.

नागपूरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयात आहे. फोनवर विचारायचं असेल तर 15100 हा टोल फ्री नंबर. त्याच्या आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, कारण फौजेच्या कागदांची भाषा तिथल्यांना कळते. 26 जुलै 2025 रोजी नालसाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली. तिच्यात राज्य आणि जिल्हा सैनिक बोर्डांमध्येच कायदा सहाय्य केंद्र चालवायचं आहे. गेल्यावर या योजनेचं नाव घेऊन विचारा.

मी ताईसोबत गेले. मालक यायला तयार नव्हते. "ज्या फौजेचं अन्न खाल्लं तिच्यावर केस?" असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. तिथे कामासाठी आलेल्या एका निवृत्त सुभेदार काकांनी आम्हाला सांगितलं, त्यांना म्हणा, पेन्शन फौजेच्याच नियमपुस्तकात आहे, आपण ते पान दाखवून राहिलो. दुसऱ्या खेपेला मालक आले.

पहिलं काम कागदांचं. डिस्चार्ज बुक घरी होतं, पण मेडिकल बोर्डाचा पूर्ण अहवाल नव्हता. तो रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतो. गार्ड्सचं कामठीला आहे, महारचं मध्य प्रदेशात सागरला, मराठाचं बेळगावला. माहिती अधिकारात मालकाच्या सहीने अर्ज करायचा. सोबत 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. उत्तराची मुदत 30 दिवस. भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी आणि सेवामुक्तीच्या वेळची, दोन्ही मागा. यात उशीर करू नका. पेन्शन नसलेल्या जवानांचे कागद 25 वर्षांनी नष्ट करतात.

अहवाल आला की रेकॉर्ड ऑफिसकडे पहिलं अपील, ते फेटाळलं तर दुसरं. प्रत्येकाला सहा महिन्यांची मुदत असते. ती उलटून गेली असेल तर उशिराचं कारण अपिलातच लिहायचं: आजार, गरिबी, पत्र इंग्रजीत होतं, जे खरं असेल ते. पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने उभा राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या तरसेम सिंग निकालात मानलं आहे, त्यामुळे जुनं प्रकरण आपोआप मरत नाही. मात्र थकबाकी साधारणपणे दावा दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. पेटीत पडलेल्या लिफाफ्याचं नुकसान असं मोजायचं. दर महिना उशीर म्हणजे मागच्या टोकाचा एक महिना बुडाला.

अपिलाला सहा महिने उत्तरच आलं नाही, तर थांबून राहायचं नाही. मग सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाता येतं, ज्याला सगळे एएफटी म्हणतात. 2007 च्या कायद्याने ते झालं आणि 2009 मध्ये सुरू झालं. महाराष्ट्रासाठी खंडपीठ मुंबईला आहे. सहा महिने मोजायला सुरुवातीची तारीख लागते, म्हणून अपील स्पीड पोस्टानेच पाठवा आणि पावतीची झेरॉक्स काढून ठेवा. पावतीची शाई उडून जाते हे मी या ताईच्या दुसऱ्या एका कागदावर पाहिलं आहे. झेरॉक्सची एक प्रत गटाच्या दप्तरात ठेवली तरी चालेल.

पुढच्या मासिक बैठकीत सचिव ताईंनी एवढं विचारावं: कोणाच्या घरी, माहेरी किंवा सासरी, फौजेचं डिस्चार्ज बुक आहे का? ज्या हात वर करतील त्यांची नावं प्रभागसंघाकडे द्या. चार-पाच जणी झाल्या की मी एकच दिवस ठरवून सोबत येईन, एस.टी.चं भाडंही वाचेल.

पारशिवनीच्या ताईचा मेडिकल बोर्डाचा अहवाल 26 व्या दिवशी आला. भरतीच्या तपासणीत आजाराच्या रकान्यात "निल" लिहून आहे. अपील मागच्या महिन्यात सागरला गेलं. उत्तर अजून नाही, सहा महिन्यांची तारीख आम्ही गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. कर्जाचा हप्ता तिने 500 रुपयांनी परत सुरू केला.