जमिनीवरचा दुहेरी निर्बंध : खरेदीखतातील अट आणि नियोजनाचा नियम

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे बारवांचे गाव म्हणून ओळखले जाते. तेथील चक्राकार पायऱ्यांची बारव पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. अशा गावी रस्त्याकडेच्या जागेचे मोल वाढू लागले की, वर्षानुवर्षे मोकळ्या पडलेल्या जागांवर बांधकामाचे बेत होतात आणि पेटीत पडलेली जुनी खते बाहेर निघतात.

दाखल्यादाखल अशी कल्पना करू. गावठाणातील एका गृहस्थाने आपल्या वाड्यालगतची मोकळी जागा विकली व नोंदणीकृत खरेदीखतात अट घातली की, वाड्याचा उजेड व वाट राखण्यासाठी ह्या जागेवर बांधकाम करू नये. पंचवीस वर्षांनी ती जागा दुसऱ्याच्या हाती गेली. त्याने दुकानाचे गाळे बांधण्याची रीतसर परवानगी मिळविली. वाड्याच्या वारसांनी हरकत घेतली. एक म्हणतो, परवानगी माझ्यापाशी आहे. दुसरा म्हणतो, अट खतात आहे. ग्रामपंचायतीने कोणाचे ऐकावे ?

येथे पुष्कळदा असा समज आढळतो की, सरकारी परवानगी मिळाली म्हणजे खतातील अट आपोआप पुसली जाते. हा समज चुकीचा आहे. तितकाच चुकीचा दुसरा समज असा की, खतात 'वाटेल तसा उपभोग घ्यावा' असे लिहिले आहे, तेव्हा नियोजनाचे नियम आपणांस लागू नाहीत. दोन्ही निर्बंधांचे मूळ वेगळे, त्यांचा रक्षक वेगळा आणि दाद मागण्याचे ठिकाणही वेगळे.

नियोजनाचा निर्बंध सार्वजनिक हितासाठी असतो. मुंबई इलाख्यात 1915 साली नगररचना अधिनियम झाला. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता व 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आला. पुढे सबंध राज्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 करण्यात आला. प्रादेशिक योजना किंवा विकास योजना जेथे लागू आहे, तेथे कोणत्या विभागात घरे, कोठे दुकाने, कोठे शेती हे तिच्याने ठरते आणि जमिनीच्या वापरातील बदलास परवानगी लागते. शर्तभंगाची कारवाई नियोजन प्राधिकरण करते. परवानगी देताना ते नकाशा व नियम पाहते. मालकीची कागदपत्रे वरवर तपासते. बांधकाम-प्रारंभाच्या प्रमाणपत्रात साधारणतः अशी शर्तही असते की, आपल्या मालकीत नसलेल्या जमिनीवर बांधकाम करण्याचा हक्क ह्यामुळे प्राप्त होत नाही. ही ओळ सहसा कोणी वाचत नाही.

खतातील अट ही खाजगी बाब होय. तिचे भवितव्य मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या तीन-चार कलमांवर अवलंबून असते. कलम 11 म्हणते की, पूर्ण मालकी देऊन टाकल्यावर 'जागेचा वापर अमुक प्रकारेच करावा' असे सांगितले, तर नव्या मालकावर ते बंधनकारक नाही. मात्र देणाऱ्याची दुसरी मिळकत असेल आणि तिच्या सुखकर उपभोगासाठी अट घातली असेल, तर ती तग धरते. कलम 40 पुढे सांगते की, असा हक्क माहीत असून ज्याने जागा घेतली किंवा जिला मोबदला न देता ती मिळाली, अशा व्यक्तीवरही तो बजावता येतो. कलम 3 नुसार नोंदणीकृत दस्त हा पुढच्या खरेदीदारास दिलेली सूचनाच समजला जातो. 'मी तो वाचला नव्हता' ही सबब चालत नाही.

ह्या तत्त्वाचा उगम लंडनमधील एका बागेत आहे. लेस्टर स्क्वेअर येथील बाग टल्क नावाच्या गृहस्थाने 1808 मध्ये ती मोकळीच ठेवण्याच्या अटीवर विकली. सभोवतालची घरे त्याच्याच मालकीची होती. हस्ते-परहस्ते ती मॉक्सहे ह्याच्याकडे आली. अट ठाऊक असूनही तो तेथे बांधकाम करू पाहत होता. 1848 साली न्यायालयाने त्यास मनाई केली.

तेव्हा आपल्या दाखल्यात वारसांची बाजू भक्कम आहे. वाडा अजून त्यांचा आहे, अट वाड्याच्या उपभोगासाठी आहे, दस्त नोंदलेला आहे. तथापि त्यांनी ग्रामपंचायतीच्या पायऱ्या न झिजवता दिवाणी न्यायालयात जावयास हवे आणि तेही पाया खणला जात असतानाच. गाळे उभे राहीपर्यंत मूक संमती देत बसणाऱ्यास विशिष्ट साहाय्य अधिनियम, 1963 च्या कलम 41 अन्वये मनाई हुकूम नाकारला जाऊ शकतो. दोन निर्बंधांपैकी जो अधिक कडक, तो पाळावयाचा, हाच व्यवहारातील नियम. दोन्ही निर्बंध एकाच दिशेचे असले, तर प्रश्नच उरत नाही : नोएडा येथील निवासी भूखंडांत बँका चालविण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये नकार दिला, तेथे भाडेपट्टा आणि बृहत् योजना दोहोंचाही भंग झाला होता.

खरा विरोध क्वचितच येतो. कायदा ज्यास मनाई करतो तेच करण्याची सक्ती खतात असेल, तर करार अधिनियम, 1872 च्या कलम 23 पुढे ती टिकत नाही. तसेच रस्त्यासाठी वा शाळेसाठी जागा रीतसर संपादित झाली, तर ती सर्व बोजांपासून मुक्त होऊन शासनाकडे येते. अट संपते आणि प्रश्न उरतो तो नुकसानभरपाईचा. अमेरिकेतील ह्यूस्टन शहराने मात्र उलटी वाट धरली आहे. तेथील मतदारांनी 1948, 1962 व 1993 अशा तीन वेळा विभागणीचा कायदा नाकारला आणि महानगरपालिकाच खतातील अटींच्या अंमलबजावणीसाठी दावे लावते. आपल्याकडे असा खर्च ग्रामपंचायतीने उचलावा, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

गावच्या दृष्टीने सर्वांत नाजूक प्रकरण शाळेच्या जागेचे होय. कोणी दात्याने 'शाळेसाठी' म्हणून बक्षीसपत्राने जागा दिली. पुढे ती बाजाराच्या मोक्यावर आली आणि तेथे गाळे काढून उत्पन्न वाढवावे, असा ठराव मांडला गेला. दात्याची इच्छा सर्वांना ठाऊक असते, पण बक्षीसपत्रात नुसते 'शाळेसाठी वापरावी' एवढेच लिहिले असेल, तर कलम 11 मुळे ते शब्द दुबळे ठरण्याचा संभव आहे. विश्वस्त म्हणून जागा दिली, किंवा कलम 126 ला धरून, शाळा बंद झाल्यास देणगी रद्द होऊन जागा परत यावी असे उभयतांनी ठरविले, तर गोष्ट वेगळी. केवळ दात्याच्या मर्जीने परत घेण्याची अट मात्र व्यर्थ आहे. म्हणून जागा स्वीकारतानाच मुख्याध्यापक व सरपंच ह्यांनी मसुदा वकिलाकडून तपासून घ्यावा. दात्याची हयात असता एका परिच्छेदाने जे साधते, ते नंतर दहा वर्षांच्या दाव्यानेही साधत नाही.

कागद पाहताना सातबाऱ्यातील 'इतर हक्क' हा रकाना, गावठाणातील मिळकत पत्रिका आणि ग्रामपंचायतीचा नमुना क्र. 8 ही तिन्ही पाहावीत. 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने ड्रोनद्वारे मोजणी करून गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका दिल्या. हद्दीचे वाद त्यामुळे कमी व्हावेत. परंतु पत्रिका खरेदीखताची जागा घेत नाही. जुन्या अटी तिच्यात उतरल्या असतीलच असे नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात शोध घ्यावा लागतो आणि मूळ दस्ताची नक्कल काढावी लागते. परवानगीच्या अर्जासोबत ही नक्कल मागविण्याचा प्रघात ग्रामपंचायतीने पाडला, तर हरकतदाराचा अर्ज येण्यापूर्वीच अट समोर येईल व अर्जदारास दिवाणी हक्कांची बाजू प्रथम निकालात काढण्यास सांगता येईल.